वाचनालय कोणाच्या वेळेला उघडते?



स्मृतिव्याख्यानात ज्याचे स्मरण करायचे, त्याच्या कामाला धरून बोलावे, अशी आपल्याकडची चांगली रीत आहे. मी आज नारायण मल्हार जोशी यांच्या स्मरणाने बोलणार आहे. ना. म. जोशी आपल्या रायगड जिल्ह्याचे. ५ जून १८७९ रोजी माणगाव तालुक्यातल्या गोरेगावात त्यांचा जन्म झाला. देश त्यांना कामगार चळवळीचे नेते म्हणून ओळखतो. १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक. पण त्याआधी, १९११ मध्ये, त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली होती आणि या संस्थेच्या पहिल्या कामांत रात्रशाळा होत्या, मोफत वाचनालये होती, फिरती ग्रंथालये होती.

साल लक्षात घ्या. त्याच १९११च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणून ठेवला. बारा तासांवर ‘आणला’, म्हणजे त्याआधी तो याहून मोठा होता. सकाळी अंधारात घर सोडणारा आणि संध्याकाळी अंधारात परतणारा हा माणूस बहुतेक कोकणातला, आपल्याकडचा आणि रत्नागिरीकडचा. शहरात तेव्हा वाचनालये नव्हती असे नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून होते. परंतु कामगाराच्या मोकळ्या वेळेला उघडे असलेले आणि त्याच्या चाळीपर्यंत जाणारे वाचनालय नव्हते. जोशींनी ती अडचण ओळखली. कामगाराला वाचनाची आवड नाही, असा निकाल देऊन ते मोकळे झाले नाहीत.

आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. छोट्या गावातल्या वाचनालयाची पहिली सेवा म्हणजे त्याची वेळ. पुस्तके किती, इमारत कशी, संगणक आहे की नाही, हे सगळे त्यानंतर येते. दार कोणाच्या सवडीने उघडते, यावरून ते वाचनालय कोणाचे आहे ते ठरते.

या जिल्ह्याला ग्रंथालयाचा विचार नवा नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा डॉ. आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग होते. पुस्तकांची खोली, माणसे एकत्र येण्याची जागा आणि शिकण्याचा वर्ग या तिन्ही गोष्टी त्या उद्दिष्टात शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. आज ज्याला आपण वाचनालयाचे ‘उपक्रम’ म्हणतो, त्यांची याहून चांगली मांडणी मला माहीत नाही. आणि तीन वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला जी परिषद भरली ती कुलाबा जिल्हा, म्हणजे आजच्या रायगडची, बहिष्कृत परिषद होती. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या तळ्यावर सगळ्यांचा हक्क प्रत्यक्षात आहे की नाही, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात पाण्याला हात लावून विचारला गेला. आपल्या प्रत्येक वाचनालयाच्या पाटीवर ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. त्या शब्दाची परीक्षा घेण्याची जबाबदारी रायगडकरांवर इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, असे मी मानतो.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष आसफ अली असगर फैजी हे कायद्याचे मोठे अभ्यासक होते आणि त्यांचा जन्म माथेरानचा. राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यातल्या वाचनालयापर्यंत टप्प्याटप्प्याने जाळे विणावे, ही त्या समितीची शिफारस होती. पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, १ मे १९६८ पासून तो लागू झाला, आणि आज राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालये आहेत. जाळे विणले गेले, हे खरे. आता ते खेड्यातल्या टोकाला कसे काम करते ते पाहू.

किनाऱ्यावरच्या एखाद्या छोट्या वाचनालयाची नेहमीची वेळ सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास. सकाळी निवृत्त शिक्षक, पेन्शनर, एखादा दुकानदार वर्तमानपत्र चाळायला येतो. संध्याकाळी पुस्तक बदलायला काही घरांतली ठरलेली माणसे. हे वाचक महत्त्वाचे आहेत. त्यांनीच ही वाचनालये जगवली आहेत. त्यांना कमी लेखून मला काही म्हणायचे नाही. पण याच गावाचे घड्याळ पाहा. कोळीवाड्यातली बाई पहाटे बंदरावर असते, मासळी घेते, टोपली घेऊन बाजाराला किंवा गावोगाव जाते, दुपारी परतते. संध्याकाळी चूल आणि मुले. तिची सवड दुपारी दोन ते चारची, आणि त्याच वेळी आपले दार बंद. डोल जाळ्याने मासेमारी करणाऱ्या खलाशाचा तर आठवडा वारांनी चालत नाही, तिथीने चालतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, तेव्हा तो समुद्रात. अष्टमीच्या आसपास भांग येऊन पाण्याची ओढ कमी झाली की होडी किनाऱ्याला आणि माणूस घरी. ज्या वाचनालयाची सुटी सोमवारची आणि वेळ पाच ते आठची, त्याला या माणसाचे घड्याळ कधी दिसलेलेच नाही.

पावसाळ्याचे उदाहरण त्याहून स्पष्ट आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत आपल्या प्रत्येक कोळीवाड्यात तरणी माणसे घरी असतात, जाळी विणतात, होड्यांची डागडुजी करतात. वर्षभरात न मिळणारी सवड या दिवसांत एकगठ्ठा मिळते. किनाऱ्यावरच्या वाचनालयाचा सगळ्यात मोठा उपक्रम खरे तर जून-जुलैमध्ये व्हायला हवा. जाळी विणत बसलेल्या माणसांत एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. पोथी अशीच वाचली जात होती आणि श्रावणात अजूनही वाचली जाते. कादंबरी, प्रवासवर्णन, समुद्राविषयीची पुस्तके, मासेमारीच्या नव्या नियमांची पुस्तिका तशी का वाचू नये? आपल्या उपक्रमांचे वेळापत्रक मात्र शहरातून आलेले असते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. हे दिवस जरूर साजरे करा. पण नारळी पौर्णिमेच्या आधीचे दोन महिने मोकळे सोडू नका.

कारखान्यांचे तसेच. थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद प्रकल्प, तिथे पाळ्यांत काम करणारी माणसे आपल्या गावांत राहतात. रात्रपाळीचा माणूस दुपारी बाराला उठतो. त्याच्यासाठी वाचनालय नाहीच. गिरणगावात जोशींनी जे पाहिले, ते शंभर वर्षांनंतर त्यांच्याच जिल्ह्यात आहे.

मुलांविषयी मला अधिक वेळ घ्यायचा आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांची योजना उभी केली. तिच्यात मुलांसाठी वेगळा विभाग होता, स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता आणि खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या. त्या गोष्टीला शंभराहून जास्त वर्षे झाली. आपल्या अनेक वाचनालयांत बालविभाग म्हणजे आजही एक कुलूपबंद कपाट असते. पुस्तके फाटतील या भीतीने ते बंद असते. मुलांची पुस्तके फाटलीच पाहिजेत, असे मी म्हणत नाही. पण दहा वर्षांत ज्या बालपुस्तकाचा एकही कोपरा दुमडला नाही, ते पुस्तक वाया गेले. दप्तरी नोंदीत ते सुस्थितीत असेल, तरी वाया गेलेच.

मुलांचा तास चालवायला मोठे भांडवल लागत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास. एक सतरंजी, एक मोठ्याने वाचणारे माणूस आणि उघडे कपाट. वाचणारे माणूस चांगले हवे, ही एकच अट. गावात अशी एखादी शिक्षिका, एखादी आजी, कॉलेजात जाणारी एखादी मुलगी असतेच. आगरी, कोळी घरांतली मुले शाळेत येतात ती घरची बोली घेऊन, आणि पुस्तकातली मराठी त्यांना थोडी परकी वाटते. गोष्ट आधी पुस्तकातून वाचावी, मग मुलांना त्यांच्या बोलीत सांगायला लावावी. मी हे होताना पाहिले आहे. जे मूल धडा वाचताना अडखळते, तेच आगरीत गोष्ट सांगताना सगळ्यांना हसवते, आणि पुढच्या आठवड्यात पुस्तक स्वतःहून हातात घेते.

आणि कातकरी मुले. रायगड जिल्ह्यात कातकरी वस्ती मोठी आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलेही बरोबर जातात, आणि परततात ती पावसाच्या तोंडावर. शाळेच्या पटावर नाव राहते, मूल भट्टीवर असते. या मुलांना वाचनालयात आणा, हे म्हणणे व्यर्थ आहे. पुस्तकांची पेटी भट्टीवर गेली पाहिजे. पेटीची युक्ती जुनी आणि कसाला उतरलेली आहे. बडोद्याने ती केली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना २००९ पासून पेट्याच फिरवते आणि त्या परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या आहेत. दुबईला जाऊ शकणारी पेटी गावाबाहेरच्या भट्टीवर जाऊ शकत नाही, हे मला पटत नाही. चित्रे जास्त, अक्षरे मोठी, गोष्टी छोट्या, अशी तीस पुस्तके पुरेत. परत येताना पाच कमी आली, तर ती पाच पुस्तके एखाद्या झोपडीत राहिली आहेत. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘गहाळ’ लिहायला ग्रंथपालाचा हात कचरू नये, एवढी मोकळीक कार्यकारी मंडळाने द्यावी.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेळेची आहेच, पण त्याहून जास्त अनामत रकमेची आणि संकोचाची आहे. वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती पुरुष बसलेले असले की नवी सून त्या खोलीत पाऊल टाकत नाही. केरळमधल्या ग्रंथालयांनी घरोघरी जाऊन स्त्रियांना पुस्तके देण्याची योजना चालवली. पुस्तके पोचवणारी बाई गावातलीच असते. आपल्याकडे बचत गट आहेत. गटाची बैठक महिन्याला ठरलेली असते, हिशेब ठेवणारी एक सचिव असते, एकमेकींवर विश्वास असतो. गटाला एक सभासद माना, अनामत माफ करा, बैठकीला वीस पुस्तके पाठवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तके देण्याची पद्धत काही गावांत रुजते आहे, ती चांगलीच आहे. परंतु वाण वर्षातून एकदा मिळते आणि वाचनाची भूक बारा महिने असते. दिवाळी अंकांचा संच वर्गणी भरून घरोघर फिरवण्याची योजना आपल्या वाचनालयांनी वर्षानुवर्षे उत्तम चालवली आहे. ज्यांना दिवाळी अंक फिरवता येतात, त्यांना बाकीची पुस्तकेही फिरवता येतील.

आता अभ्यासिकेचा विषय. ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या बैठकांत एक तक्रार मी नेहमी ऐकतो की, मुले येतात ती पोलीस भरतीची, तलाठी भरतीची, लोकसेवा आयोगाची पुस्तके घेऊन बसायला. कादंबरीला कोणी हात लावत नाही. ही तक्रार मला मान्य नाही. ज्या घरात दोन खोल्या आणि सात माणसे, तिथल्या मुलीला शांत टेबल, पंखा आणि दिवा मिळणे ही फार मोठी सेवा आहे. पनवेलला किंवा पुण्याला खोली घेऊन अभ्यास करण्याची ऐपत ज्याची नाही, त्याच्यासाठी गावातली अभ्यासिका हीच संधी आहे. तिथे पुन्हा प्रश्न वेळेचाच. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असेल आणि शेवटची एसटी सातला असेल, तर ती शेजारच्या वाडीतल्या मुलीसाठी सातलाच बंद होते. म्हणून सकाळची वेळ लवकर करा, पहिल्या गाडीने येणाऱ्या मुलीला दार उघडे मिळू द्या. आणि या मुलांवर कादंबरी लादू नका. त्यांच्या टेबलावर मराठी विश्वकोशाचे खंड ठेवा. विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो, हे कित्येक मुलांना ठाऊक नसते. ते दाखवून देणे हेही ग्रंथपालाचे काम आहे.

दाखवून देणे, शोधून देणे, भरून देणे. यातले ‘भरून देणे’ हे काम आपण वाचनालयाचे मानत नाही, आणि मला वाटते मानले पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यांत लोकांना सगळ्यात जास्त गरज कशाची होती? पंचनाम्यासाठी कोणते कागद लागतात, सातबारावर वाडीची नोंद कशी आहे, यादीत नाव आहे की नाही, नसेल तर अर्ज कोणाकडे करायचा, या माहितीची. लिहिता-वाचता येणारे, कोणत्याही पक्षाचे नसलेले, ओळखीचे असे एक माणूस गावात मध्यवर्ती जागी बसलेले हवे होते. ते माणूस ग्रंथपाल असायला हवे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप आठवा. १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. न वाचता येणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर केलेले कागद त्याच्याच मुळावर येतात, हे आपल्या खारेपाटातल्या माणसांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको. त्या लढ्यातून १९३७ साली ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र उभे राहिले. कागद वाचून दाखवणारे माणूस ही या किनाऱ्याची जुनी गरज आहे. अर्ज आता मोबाइलवर आला, म्हणून ती संपलेली नाही, वाढली आहे.

वादळाचा विषय निघालाच आहे तर पुस्तकांविषयी थोडे कामाचे बोलतो, कारण इथे ग्रंथपाल बसले आहेत. २०२१च्या जुलैत महाडमध्ये पूर आला, त्याआधी २००५ मध्ये आला होता, आणि पुढेही येणार. तळाचा खण जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. त्याखाली काहीच ठेवू नका. पुस्तके भिजली, तर दोन दिवसांच्या आत ती वाळायला लागली पाहिजेत. त्यानंतर आपल्या दमट हवेत बुरशी धरते. चिंब भिजलेले पुस्तक उघडण्याची घाई करू नका, पाने फाटतात. आधी पाणी निथळू द्या, मग ते उभे करून पाने अलगद पंख्यासारखी सुटी करा, मधूनमधून टिपकागद किंवा कोरा कागद घाला आणि बदलत राहा. उन्हात टाकू नका. सावलीत आणि वाऱ्यावर वाळवा. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तके सर्वांत आधी हाती घ्या, कारण ती वाळताना एकमेकांना चिकटली की दगड होतो. आणि दाखल नोंदवहीची छायाप्रत दुसऱ्या इमारतीत, उंचावर ठेवा. पुस्तके पुन्हा मिळतात. कोणती पुस्तके होती, तेच कळेनासे झाले तर काहीच मिळत नाही.

काही गोष्टी मात्र पुन्हा मिळत नाहीत, आणि त्या जपण्याचे काम आपल्या वाचनालयांशिवाय कोणी करणार नाही. अलिबागजवळच्या आक्षी गावातला शिलालेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट सापडला. लिहिलेल्या मराठीचे इतके जुने पुरावे ज्या किनाऱ्यावर आहेत, त्या किनाऱ्यावरच्या शाळकरी मुलाला ते ठाऊक नसावेत, याचे मला फार वाईट वाटते. प्रत्येक वाचनालयात ‘आपले गाव’ अशा नावाचे एक कपाट हवे. त्यात शिलालेखाचा फोटो आणि वाचन, गावावर लिहिलेले प्रत्येक पुस्तक, जुन्या शाळेची हजेरीपत्रके, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, सहकारी सोसायटीचे अहवाल. कोर्लईत पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक क्रिओल बोली आजही घरात बोलली जाते आणि ती बोलणारी माणसे हजाराच्या आत-बाहेर उरली आहेत. अलिबाग, रेवदंडा, नवगाव भागातल्या बेने इस्रायल कुटुंबांनी मराठीतून कीर्तने केली. त्यांच्यातली बहुतेक आता इस्रायलला गेली आणि तिथेही मराठी बोलतात. तिथून कोणी पूर्वजांचे घर शोधत आले, तर त्यांना वाचनालयाने काय दाखवावे? आज आपल्याकडे दाखवायला बहुधा काही नाही. एक मोबाइल आणि बोलायला तयार असलेले एक म्हातारे माणूस, एवढ्यावर ध्वनिमुद्रणाचे काम सुरू होते. हे काम पुढच्या वर्षी करू, असे म्हणता येत नाही. माणसे थांबत नाहीत.

व्याख्यानमालांतही गावातल्या गोष्टींना आणि माणसांना जागा हवी, असे माझे म्हणणे आहे. वक्ते आपण मुंबई-पुण्याहून आणतो. आणावेत. पण १९३० मध्ये सालिम अली आपल्याच किहीमला राहून सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास करत होते, आणि तो अभ्यास पक्षिशास्त्रात गाजला. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. खारबांध कसा घालतात, पांढरा कांदा कसा टिकवतात, होडीचे वाकडे लाकूड कसे निवडतात, हे सांगणारी माणसे इथे आहेत. एक व्याख्यान बाहेरच्याचे झाले की एक गावातल्याचे व्हावे, आणि मानधन दोघांना सारखे असावे.

आता पैशांबद्दल. इतके सगळे कोणी करायचे? ग्रंथपालाने. त्याला आपण काय देतो? २०२२ च्या अखेरीस सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ‘इतर ड’ वर्गातल्या, म्हणजे खेड्यातल्या सगळ्यात छोट्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान ४८ हजार रुपये झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाला धरला, तर महिन्याला दोन हजार रुपये होत. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे, डागडुजी. दोन हजारांत कोणी पूर्णवेळ काम करू शकत नाही. ग्रंथपाल म्हणजे बहुतेक ठिकाणी एखादी बाई, दुसरे काहीतरी करून, आवडीने आणि लाजेकाजेने ही जबाबदारी सांभाळणारी. तिच्याकडून आपण मुलांचा तास, पेटी, ध्वनिमुद्रण, अर्ज भरून देणे यांची अपेक्षा करतो, हा अन्याय आहे आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. तो असावा, असे माझे मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. बडोद्याची रीत अशी होती की, गावाने पैसे जमवले की तेवढेच सरकारने आणि तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे. त्यामुळे गावाला आपल्या एका रुपयाचे तीन होताना दिसत. आपल्या किनाऱ्यावर गेल्या वीस वर्षांत जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले, बंगले उठले, पर्यटक आले. ग्रामपंचायतींचे उत्पन्न वाढले आहे. त्यातला ठरावीक हिस्सा वाचनालयाच्या वेतनासाठी दरवर्षी बाजूला काढण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. मुंबईतले चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा मंदिराच्या जीर्णोद्धाराला पावती फाडतात. त्यांच्यापुढे त्याच दिवशी वाचनालयाचे पावतीपुस्तकही ठेवावे. पैसे पुस्तकांसाठी मागू नका, पुस्तके देणगीने येतात. पैसे ग्रंथपालाच्या पगारासाठी मागा आणि तसे पावतीवर छापा.

तपासणीला अधिकारी येतात तेव्हा पुस्तके, नियतकालिके, वर्गणीदार आणि नोंदवह्या पाहतात, कारण त्या मोजता येतात. त्यांचा दोष नाही. पण कार्यकारी मंडळाने स्वतःसाठी एक वेगळी वही ठेवावी आणि तिच्यात लिहावे की, या महिन्यात गावातल्या कोणत्या वाडीतून, कोणत्या आळीतून एकही माणूस आले नाही. वर्षाच्या शेवटी ती वही उघडली की पुढच्या वर्षाचे काम समोर दिसेल.

या सभागृहात वाचनालयांचे पदाधिकारी आहेत, ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत, शिक्षक आहेत. आपल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या काही महिन्यांत होईल. गणपूर्तीअभावी ती अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि पाच माणसांत उरकते, हे आपण सगळे जाणतो. या वर्षी त्या सभेला जा, आणि येताना कोळीवाड्यातले एक, कातकरी वाडीतले एक आणि बचत गटातले एक माणूस बरोबर आणा. कार्यपत्रिकेवर दोन विषय घ्यायला लावा, वाचनालयाची वेळ आणि ग्रंथपालाचे वेतन. वेळ ठरवताना त्या तिघांना आधी बोलू द्या.